एका कनेक्शनवरचा मध्य पक्ष

चार माणसं रोज सकाळी एकाच कम्प्युटरपुढे खुर्च्या ओढून बसायला लागली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटावरच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. परवा मैत्रिणींना त्यातले दोन-तीन सांगितले, तर त्या म्हणाल्या, अगं हे लिहून काढ, नाहीतर आम्हीच ते आमचे म्हणून सांगू. म्हणून बसलेय.

आधी देशाची ओळख करून देते. देशाचं नाव केलोरा. नकाशावर शोधू नका. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट नुकतं आलेलं, आणि जगभरातल्या काही हौशी मंडळींनी ईमेलवर चालणारा एक खोटा देश काढला होता. समुद्रातलं बेट, त्याला संसद, सभापती, कायदे, निवडणुका, सगळं. भाषणं मेलने करायची, मतं मेलने द्यायची. संसदेत एक डावा पक्ष, एक उजवा पक्ष आणि दोघांच्या मधोमध आमचा मध्य पक्ष. आमच्या जागा मोजक्या, पण आम्ही झुकू तिकडे बहुमत!

या मध्य पक्षाचं जागतिक मुख्यालय जयनगर फोर्थ ब्लॉकमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं.

आणि मी? एम.एस्सी. करून साताऱ्याहून आलेली, इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागलेली मुलगी. मीटिंगमध्ये कुणी माझं नाव घेतलं तरी दचकायचे. कुकरच्या शिटीला दचकायचे, तो आपणच लावलेला असला तरी. मला न घाबरता बोलता येईल अशी जगात एकच जागा होती, आणि ती जगात नव्हतीच, केलोरात होती. त्यामुळे तिथे एक दिवस आमच्यावर आरोप झाला, की मध्य पक्षाचे हे चौघं मुळात माणसंच नाहीत, तेव्हा बाकीच्यांचा खेळ जायची वेळ आली होती. माझी बोलायची जागा जाणार होती.

पण तिथपर्यंत यायला आधीचं सांगायला हवं.

*

पक्षाध्यक्ष सुधाकरअण्णा. मी त्यांच्याच घरी वरच्या खोलीत पेइंग गेस्ट होते. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं आणि परत जायचं राहूनच गेलं, असं ते सांगत. घरात मराठी, पण तिच्यात कानडी असं मुरलेलं, की कुठली भाषा कुठे संपते ते कळायचं नाही. घराखालीच, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, आजोबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अण्णांनी टाइपरायटर काढून तिथे सायबर कॅफे केला. घराला आणि कॅफेला मिळून फोनलाइन एक, मोडेम एक.

मी पहिल्यांदा गेले ती अमेरिकेतल्या भावाला मेल करायला. मोडेम किंचाळला आणि माझ्या हातातली पर्स खाली पडली. अण्णांनी ती उचलून दिली. म्हणाले, "घाबरू नको गे, तो पलीकडच्याला हाक मारतोय."

पडद्यावर वाद चालला होता. केलोराच्या समुद्रात बारीक जाळी वापरू द्यायची की नाही. मी मागे उभी राहून वाचत होते आणि तोंडातून निघून गेलं, की बारीक जाळीत पिल्लंसुद्धा येतील, मग पुढच्या वर्षी धरणार काय? एवढं बोलून मी लगेच सॉरी म्हटलं.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे संसदेत जायला पाहिजे. नागरिक होतेस?"

पोलीस चौकशीला घरी येतात म्हणून मी तोवर पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. आणि इथे फिल्टर कॉफीचा ग्लास रिकामा व्हायच्या आत मी दुसऱ्या देशाची नागरिक झाले!

*

पक्षाची तत्त्वं छापलेली नव्हती. ती एकेक करून अंगावर यायची.

पहिलं तत्त्व असं, की विरोधकाला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं तो स्वतः म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

उजव्या पक्षाचे नेते लॉर्ड ग्रेस्टोन. ही पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली. खरे ते इंग्लंडातल्या कुठल्याशा गावचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी विधेयक आणलं, की दीपगृहाचा उजेड वापरणाऱ्या प्रत्येक होडीने कर द्यावा. डाव्यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. अण्णांनी मात्र लॉर्डसाहेबांची बाजू लिहायला घेतली. पहिल्यांदा उत्तर आलं, "नाही, असं नव्हे." अण्णांनी पुन्हा लिहिलं. "जवळपास." पुन्हा लिहिलं. दीपगृहावर राहणारा माणूस, त्याचा पगार, वादळात तुटलेली काच, सगळं त्यात आणलं. मी मागे बसून वाचत होते आणि मला तर वाटायला लागलं, की कर लावलाच पाहिजे.

शेवटी लॉर्डसाहेबांची मेल आली. "होय, मला हेच म्हणायचं होतं. तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. ती इतकी स्पष्ट दिसल्यावर आता मलाच पटेनाशी झाली आहे."

विधेयक मागे! अण्णांनी विरोधाचं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मी त्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये बसले आणि माझा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही.

*

दुसऱ्या तत्त्वाच्या मालकीण पद्माअक्का, म्हणजे अण्णांची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायच्या. तत्त्व असं, की रागात लिहिलेली मेल अक्कांनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय जायची नाही.

आमच्यातला चौथा कौस्तुभ. नाशिकचा इंजिनिअर, होसकोटेच्या एका कारखान्यात नोकरीला. कंपनीची बस यायच्या आधी तो सकाळी केलोरात भांडून घ्यायचा, म्हणजे दिवस बरा जातो म्हणे. डाव्या पक्षाचे कॉम्रेड ऑस्कर एकदा आम्हाला "कुंपणावर बसलेली कोंबडी" म्हणाले, तेव्हा कौस्तुभने उत्तर इतक्या जोरात टाइप केलं, की कीबोर्ड टेबलावरून सरकत जवळजवळ खाली आला.

अक्कांनी मेलचा छापून काढलेला कागद हातात घेतला आणि भाजीवाल्याला भाज्या सांगाव्यात तशा संथ, सपाट आवाजात ती मेल वाचली. ढोंगी. स्वल्पविराम. मूर्ख. स्वल्पविराम. झोपडीत पाऊल न टाकलेला क्रांतिकारक. पूर्णविराम. तिसऱ्या ओळीला कौस्तुभ स्वतःच हसायला लागला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, समासात खूण केली आणि कागद परत दिला.

"शिव्या बरोबर आहेत. पायऱ्या दाखवलेल्या नाहीत."

*

मी मंत्री झाले तो किस्सा माझ्या आईला अजून खोटा वाटतो.

निवडणुकीत डावे आणि उजवे सारखेच भरले. आता आम्ही म्हणू तो पंतप्रधान. दोन्हीकडून अण्णांना गुपचूप मेल आल्या. डाव्यांनी तर पंतप्रधानपदच देऊ केलं. आमचं तिसरं तत्त्व असं, की मत विकायचं नाही आणि लपवायचंही नाही. कुणाला देणार आणि का, ते दोघांनाही एकाच वेळी सांगून टाकायचं. अण्णांनी दोन्ही गुप्त मेल एकत्र जोडल्या आणि आपल्या उत्तरासकट अख्ख्या संसदेला पाठवून दिल्या!

मला वाटलं, आता संपलं.  पण दोन्ही पक्षांनी आपसातच बोलणी केली, कारण आमच्याशी गुप्त बोलणी होतच नाहीत हे त्यांना कळलं होतं. सगळी खाती वाटून झाली आणि मत्स्यखात्यावर अडलं. तिथे असा माणूस हवा होता, ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. जाळीवर एक वाक्य संसदेला पाठवून गप्प बसलेली एक बाई सगळ्यांना आठवली.

साताऱ्याच्या, मासे न खाणाऱ्या घरातली मी एका बेटाची मत्स्यमंत्री झाले. ऑफिसात मॅनेजरने रजेचं विचारलं, तरी माझा आवाज चिरकायचा. केलोराच्या संसदेत मात्र मी दोन्ही बाजूंना ठणकावलं, की अंडी घालायच्या हंगामात समुद्र बंद म्हणजे बंद. आणि दोघांनी ते ऐकलं! लिहिताना मी दचकत नाही, हा शोध मला माझ्याबद्दल पहिल्यांदाच लागला.

*

आता तो कायदा.

केलोरात बनावट नागरिक वाढले होते. एकच माणूस पाच नावं घ्यायचा आणि पाच मतं द्यायचा. अण्णांना याची फार चीड. त्यांनी खपून कायदा तयार केला. एका इंटरनेट कनेक्शनमागे एकच नागरिक. मेल कुठल्या कनेक्शनवरून आली ते सभापतींना बघता येतं, त्यामुळे चोरी लगेच सापडेल. डावे खूश, उजवेही खूश.

मतदानाच्या दिवशी आम्ही चौघांनी कोपऱ्यातल्या त्याच एका मशीनवर, त्याच एका खुर्चीत पाळीपाळीने बसून त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं. आधी अण्णा, मग अक्का, मग कौस्तुभ, मग मी. माझ्या वेळी खुर्ची गरम होती.

आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही!

तुम्ही हसाल, पण तेव्हा कनेक्शन ही एका माणसाची वस्तू असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. अण्णांच्या घरचा फोन अर्ध्या रस्त्याचा पी.पी. नंबर होता. कुणाचाही फोन आला की अक्का गॅलरीतून हाक मारायच्या. समोरच्या सरोजम्मांच्या मुलीचं लग्न त्याच फोनवर जमलं आणि जावई अजून आमच्याकडेच फोन करतो. चौघांत एक कनेक्शन म्हणजे आम्हाला चैनच वाटत होती.

*

पकडलं लॉर्डसाहेबांनी. त्यांनी सभापतींकडे तक्रार केली, की मध्य पक्षाच्या चारही सभासदांच्या मेल एकाच कनेक्शनवरून येतात, सबब तो एकच भामटा आहे. चारही नावं रद्द करावीत.

 कौस्तुभने लगेच वाट काढली. मी इंदिरानगरच्या कॅफेतून मेल करायची, त्याने होसकोटेतून, अक्कांनी शाळेतून. काम झालं, पुरावा संपला.

अण्णांनी तक्रार पुन्हा वाचली. मग म्हणाले, "कायदा मी लिहिला. तो मोडायची वाट पण मीच शोधू?"

आणि त्याच सकाळी त्यांनी संसदेला उत्तर पाठवलं. "कनेक्शनबद्दलचा आरोप खरा आहे. माणसांबद्दलचा खोटा आहे." खाली पी.पी. नंबर म्हणजे काय, गॅलरीतून हाक कशी मारतात, सरोजम्मा कोण, जावई कोण, सगळं सविस्तर लिहिलं. मला ते इतकं प्रामाणिक वाटलं, की आता लॉर्डसाहेब विरघळणार याची मला खात्रीच होती.

लॉर्डसाहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "आता तर या इसमाने अख्खी गल्लीच बनावट तयार केली आहे."

*

चौकशी सुरू झाली आणि नेमकं त्याच आठवड्यात लॉर्डसाहेबांनी आपलं लाडकं विधेयक आणलं. समुद्र बंद ठेवायचा माझा नियम रद्द करायचं! आमची चार मतं विरोधात पडली असती, तर ते साफ बुडालं असतं. चौकशी चालू असताना मत देऊ नये, असं कुठल्याच कायद्यात नव्हतं.

अण्णा म्हणाले, आपण मत द्यायचं नाही.

कौस्तुभने स्टूल लाथाडलं. मी अर्थातच दचकले. तो म्हणाला, आपल्याला भामटे म्हणणाऱ्या माणसाला आपणच जिंकू द्यायचं? मलाही तेच विचारायचं होतं, पण माझा आवाज निघाला नाही. माझा एकुलता एक कायदा होता तो.

"आपण खोटे असू तर मत खोटं," अण्णा म्हणाले. "खरे असू तर पुढे देऊ की."

डाव्यांतल्या एक-दोघांनी मतच पाठवलं नाही आणि विधेयक पास झालं. केलोराचा समुद्र अंड्यांच्या हंगामात खुला झाला. नसलेल्या माशांसाठी मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी "येनायतम्मा?", काय झालं बाई, म्हणून विचारलं, तर मी खिडकीबाहेर बघायला लागले. आणि तरी त्या दिवसापासून अण्णांकडे बघताना मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं, हेही खरं. जिंकायची सोय हातात असताना ती खाली ठेवणारा माणूस मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

*

चौकशीचा शेवट फोनवर झाला.

सभापती मार्था कॅनडातल्या. त्यांनी कळवलं, की मी स्वतः फोन करते. चौघांनी हजर राहायचं, मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीन. त्या उत्तरांवरून किती माणसं आहेत ते मला कळेल.

सकाळी कॅफे उघडायच्या आधी आम्ही चौघं फोनभोवती बसलो. अक्कांनी इस्त्रीची साडी नेसली होती. कौस्तुभने कंपनीची बस सोडली होती. फोन वाजणार हे माहीत होतं, फोनकडेच बघत होते, तरी तो वाजला तेव्हा मी खुर्चीतून उडाले.

बोलणं इंग्रजीत झालं. मार्थाबाईंचा आवाज म्हातारा आणि खोकलेला होता. प्रश्न असा होता, "तुमच्या पक्षाचं काय चुकतं?"

अण्णांनी सांगितलं, की दुसऱ्यांसाठी कायदा करताना आपण स्वतःकडे बघायला विसरलो. कायदा बरोबर आहे, आम्ही चुकलो.

अक्कांनी रिसीव्हर घेतला आणि सांगितलं, की आमचा अध्यक्ष भाषणं फार लांब करतो, आणि चार ओळींत मावणारं चाळीस ओळींत लिहिणं हीसुद्धा अप्रामाणिकपणाचीच एक जात आहे. अण्णा शेजारी बसून ऐकत होते.

कौस्तुभ म्हणाला, आम्ही फार सभ्य आहोत. मधे उभे राहतो आणि दोन्हीकडून मार खातो. मध्य पक्षाला कधीतरी दात असले पाहिजेत. त्यावर अक्का मागून म्हणाल्या, दात असायला आधी पायऱ्या लागतात. तो रिसीव्हरवर हात न ठेवताच मागे वळून त्यांच्याशी भांडायला लागला. पलीकडून खोकला ऐकू आला. तो खोकला होता की हसू, ते मला नक्की कळलं नाही.

मग रिसीव्हर माझ्याकडे आला. तो ओला झाला होता.

मी काही पाठ करून आले होते. आमचा पक्ष चांगला आहे, लहानसहान चुका होतात, असं काहीतरी. ते सगळं गेलं. मार्थाबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. मी अण्णांकडे बघितलं, ते शांतपणे माझ्याकडेच बघत होते, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

"कायदाच चुकलाय," मी म्हटलं. "अण्णा म्हणतात बरोबर आहे, पण तो चुकलाय. त्यात माणसं मोजलेली नाहीत, तारा मोजल्यात. ज्यांच्या घरी स्वतःची तार नाही, त्यांना तुमच्या देशात जागाच नाही. आम्ही चोर नाही. आमच्याकडे तार एक आहे, एवढंच. मी मत दिलं तेव्हा मला हे कळलं नव्हतं. आता कळलंय."

माझाच आवाज खोलीत ऐकू येत होता, आणि तो चिरकत नव्हता.

पलीकडे पेन कागदावर चालल्याचं ऐकू आलं. आयएसडीचा खर्च त्यांचा चालला होता, तरी त्यांनी घाई केली नाही. मग त्या म्हणाल्या, अध्यक्षांना द्या.

अण्णांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. त्यामुळे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. मार्थाबाई म्हणाल्या, "तुम्ही चार माणसं आहात, याबद्दल मला आता शंका नाही. मी तसं संसदेला कळवीन. पण कायदा आहे तो आहे. तो बदलेपर्यंत एका कनेक्शनमागे एकच. तुमच्यातला एक नागरिक राहील. कोण, ते तुम्ही सांगा. मी थांबते."

मी मनात निरोप घेऊन टाकला. पक्ष अण्णांचा, कॅफे अण्णांचा, फोन अण्णांचा. विचारायचं काय त्यात?

"मृणाल," अण्णा म्हणाले. ते माझं नाव.

कौस्तुभ उठून उभा राहिला. अक्कांनी चष्मा काढला. अण्णा आम्हाला नव्हे, फोनमध्ये सांगत होते. "कायदा चुकला असं तिला वाटतं, म्हणून दुरुस्ती तिनेच मांडायला पाहिजे. मला तो अजून बरोबर वाटतो. मी काय मांडणार?"

फोन ठेवून त्यांनी त्याच लाइनवर मोडेम जोडला. तो किंचाळला. केलोराची संसद पडद्यावर उघडली. मध्य पक्षाच्या रकान्यातून तीन नावं गेली होती, एक उरलं होतं. अण्णा कॉफीचा ग्लास घेऊन गॅलरीत जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून, पाठ माझ्याकडे.

मी पहिली ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. शेवटी गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, "अण्णा, सुरुवात कशी करू?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"परक्या देशाच्या कारभारात मी बोलत नाही गे."